दिवा लागला, इंजिन खोला!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की गावाकडे तुमची एक पोस्ट आपोआप भरली जाते. मिक्सर, विहिरीवरची मोटर, फवारणी पंप, जे काही बंद पडेल ते तुमच्यापुढे आणून ठेवतात. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्यापुढे आली मामांची पिकअप. डिझेलची, वीस वर्षं वापरलेली. टोमॅटोचा तोडा ऐन भरात, रोज नारायणगावला क्रेट पोचवायचे, आणि गाडी गरम झाली की आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. ॲक्सिलरेटर दिला की बंद.

"बोला इंजिनियर, काय झालंय हिला?" मामा म्हणाले.

मी नुकताच मशीन डिझाइनचा पेपर देऊन आलेलो. छातीठोक सांगितलं, "बेअरिंग गेलेत. क्लिअरन्स वाढला की प्रेशर पडतं." नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं होतं. इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरून चाला. पुस्तक आणि गॅरेज, दोघांचं एकमत! मामांनी सोसायटीत कर्जाची चौकशीसुद्धा सुरू केली.

आता लिहिताना लाज वाटते, पण आम्हा दोघांपैकी कुणीही काहीच मोजलं नव्हतं.

मुळात तो लाल दिवा प्रेशर मोजतच नाही. ब्लॉकवर एक साधा स्विच असतो. प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेलं की तो वायर बॉडीला टेकवतो आणि दिवा लागतो. स्विच खराब असेल, वायरचं इन्सुलेशन घासलं असेल, तरी दिवा लागतोच. आणि प्रेशर खरंच पडलं असेल तर? कारण बेअरिंगच असेल असं कुणी सांगितलं? रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असू शकतो, ऑइल पंप झिजलेला असू शकतो, चेंबरमधली जाळी गाळाने चोंदलेली असू शकते, किंवा तेलच पातळ झालेलं असू शकतं. (दिवा सतत लागून राहिला तर मात्र विचार करत बसायचं नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. घर जवळ आलंय म्हणून नेणाऱ्यांचे क्रँक गॅरेजच्या भिंतीला टेकवलेले दिसतात.)

मामांची गाडी वाचवली ती आमच्या आळीतल्या एका रिटायर्ड काकांनी. एस.टी.च्या डेपोत आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, वास घेतला आणि मामांना विचारलं, "तेल कधी टाकलं होतं?"

"चार महिने टाकावंच लागलं नाही," मामा कौतुकाने म्हणाले. "थेंबभर खात नाही गाडी."

"वीस वर्षांची गाडी तेल खात नाही? उलट वाढलंय की हो!"

खरंच, तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. मी ती डिपस्टिक त्या आठवड्यात दोनदा बघितली होती. खालच्या खुणेच्या वर आहे ना, मग ओके, एवढंच बघितलं होतं.

काकांनी तरीही लगेच निकाल दिला नाही. घरून पितळी जोडाचा मेकॅनिकल गेज आणला, स्विच काढून त्या जागी बसवला. थंड इंजिनला साडेतीन किलो. इंजिन चांगलं तापेपर्यंत गाडी चालू ठेवली, मग आयडलिंगला ०.४ आणि दोन हजार आर.पी.एम.ला १.२. (गाडीला टॅकोमीटर नाही. दोन हजार हे काकांच्या कानाने ठरवलं.) हजार आर.पी.एम.मागे १० पी.एस.आय., म्हणजे ०.७ किलो, हा मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशेब. खरा आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलचा. पण कुठल्याही हिशेबाने हे कमीच होतं. म्हणजे दिवा खरं बोलत होता, स्विच निर्दोष. आणि आर.पी.एम.बरोबर काटा वर चढत होता, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची किंवा जाळी चोंदल्याची शक्यता कमी. उरले तिघे, ढिलं बेअरिंग, झिजलेला ऑइल पंप किंवा पातळ तेल. तेलाला डिझेलचा वास येत होता.

फीड पंपाचा डायफ्राम फाटलेला निघाला. डिझेल थेंबाथेंबाने चेंबरमध्ये उतरत होतं. जेवढं तेल जळत होतं त्याहून जास्त डिझेल भरत होतं, आणि मामा खूश होते.

यातली थिअरी आपण सगळे शिकलोय. पंप प्रेशर तयार करत नाही, तो तेल ढकलतो. प्रेशर येतं अडथळ्यामुळे. बेअरिंगमधून निसटणारं तेल क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट, आणि व्हिस्कॉसिटी निम्मी झाली तर गळती दुप्पट. सोमरफेल्ड नंबरमध्ये क्लिअरन्सही आहे आणि व्हिस्कॉसिटीही. परीक्षेत व्हिस्कॉसिटी "दिलेली" असते, म्हणून चेंबरमधलं तेल तेच आहे का, ही शंकाच मला आली नाही. मामांच्या एका मित्राने जाड ग्रेडचं तेल टाकायला सुचवलं होतं. त्यानेही दिवा विझला असता. काही दिवस.

आणि आमचं ऐकून इंजिन खोललं असतं तर? नवे बेअरिंग बसवले असते, जुना पंप पुसून परत लावला असता, आणि चाळीस हजारांचे बेअरिंग पुन्हा डिझेलमध्ये फिरले असते.

नवा पंप, नवं तेल, नवा फिल्टर. गरम इंजिनला आयडलिंगला ०.९, दोन हजाराला २.३. फार ग्रेट आकडे नाहीत. एवढे दिवस पातळ तेलावर पळून बेअरिंग थोडे झिजलेच असणार. सीझन संपल्यावर चेंबर उतरवून बघायचं ठरलंय.

आता आपल्या लॅबकडे येतो. सरांनी राग मानू नये. "स्टडी ऑफ लुब्रिकेशन सिस्टिम" हे प्रॅक्टिकल माझ्या जर्नलमध्ये आहे. आकृती सीनियरच्या जर्नलवरून काढलेली, त्याने त्याच्या सीनियरच्या. बाण कुठून कुठे जातात हे मी ओरलला झोपेतही सांगीन. पण चालू इंजिनला प्रेशर गेज लावलेला मी पहिल्यांदा पाहिला तो मामांच्या अंगणात. "आपण इंजिनियर आहोत, मेकॅनिक नाही," हे वाक्य डिपार्टमेंटमध्ये बऱ्याचदा ऐकलंय. मला ते पटत नाही. त्या दिवशी अंगणात मोजमाप घेऊन एकेक शक्यता खोडणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे डिग्री नव्हती. न मोजता इंजिन खोला म्हणणारे दोघे होते, त्यातला एक मी.

वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली एक जुनं डिझेल इंजिन स्टँडवर पडून आहे. बॅटरी दिली तर ते चालू होतं, लॅब असिस्टंट मामांना विचारून खात्री केली आहे. सरांनी त्यात गुपचूप एक फॉल्ट करून ठेवायचा, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली करा, स्विचची वायर बॉडीला टेकवा, काहीही. चार-चार जणांच्या बॅचने एकही नट न खोलता, फक्त गेज आणि डिपस्टिकवरून कारण लिहून द्यायचं. काकांनी त्यांचा गेज मला देऊन टाकलाय, तो रूमवर आहे. सबमिशनच्या आधीचा एक शनिवार हवा.