दोर ताणलेला हवा : गाविलगडाच्या प्रतिकृतीत काय दाखवावे?

धागा जरा लांबला आहे. प्रतिकृती करणाऱ्यांनी आणि गड पाहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

लष्करी ट्रक-क्रेनचे १:३५ प्रमाणातील मॉडेल हाती घेणारा नवखा हौशी सर्वांत आधी गंज रंगवतो. मग रंगाचे टवके, चाकांवरचा चिखल, गिअरपाशी ग्रीसचे काळे डाग. एवढे करूनही यंत्र खेळण्यासारखेच दिसते, कारण हुकाचा दोर वाकडातिकडा लोंबत असतो.

खऱ्या क्रेनचा पन्नास किलोंचा हुक तारेला ओळंब्यासारखी सरळ ठेवतो. लांबी ३५ पटींनी घटली की वजन ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. पन्नास किलोंचा हुक सव्वा ग्रॅमचाही राहत नाही. दोऱ्याची रिळावरची वळणे तशीच राहतात. म्हणून अनुभवी कारागीर दोऱ्याला मेण चोळून त्याची कुसे बसवतो, तो ताणून चिकटवतो, आधाराच्या जॅकखाली लाकडी फळ्या ठेवतो. प्रतिकृतीत वजन उरत नाही. त्याच्या खुणा मात्र दाखवता येतात.

(हे १:३५ प्रमाण तरी कुठून आले? तामिया या जपानी कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावायला हव्या होत्या. त्या मापातून हे प्रमाण निघाले आणि पुढे जगभर रूढ झाले.)

वऱ्हाडातील इतिहासप्रेमी मुलांनी हीच कसोटी गाविलगडाला लावून पाहावी. चिखलदऱ्याजवळच्या या गडाची प्रतिकृती करताना सारा जीव दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडात आणि तटाच्या चर्यांमध्ये ओतला जातो. डिसेंबर १८०३ चा वेढा दाखवायचा झाला तर तटाला पडलेले खिंडार आणि त्यापुढे दोन-चार तोफा. त्या तोफा तिथवर आल्या कशा, हा प्रश्न प्रतिकृती विचारतच नाही. आणि त्या वेढ्याचा खरा इतिहास तर तिथेच आहे.

घटनाक्रम असा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. भोसल्यांचा आधार असलेला गाविलगड अजून उभा होता. ७ डिसेंबरला इंग्रजांच्या दोन्ही तुकड्या अचलपुराहून निघाल्या. गडाची दक्षिण बाजू सर्वांत उभ्या कड्याची. खिंडार पाडण्याजोगी वाट उत्तरेकडून होती. तिकडे पोहोचण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला सातपुड्यातून सुमारे ३० मैलांचा वळसा पडला.

या वळशात जड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सर्व अंतर माणसांनी हाताने ओढला. डोंगर चढून, ओढे-घळी ओलांडून. आणि तोही शिपायांना आधी स्वतः तयार कराव्या लागलेल्या वाटेवरून. वेलस्लीने आपल्या खलित्यात या श्रमांची मुद्दाम नोंद केली आहे. १२ डिसेंबरच्या रात्री उत्तरेकडील मोर्चे उभे राहिले. त्यांत १८ पौंडी दोन तोफा होत्या. १८ पौंडी म्हणजे गोळा सुमारे आठ किलोंचा. तोफेचे वजन मात्र दोन टनांच्या घरात.

१:३५ मध्ये ही तोफ जेमतेम आठ सेंटिमीटर लांब होते. अस्सल लोखंडाची ओतली तरी पन्नास ग्रॅम भरणार नाही. प्लॅस्टिकची तोफ तर फुंकरीने हलेल. मग तिचे वजन दाखवणार कोण? दोर, चाके आणि माणसे. चाक मुरमात रुतलेले हवे, त्यामागे घसरण रोखणारा दगड हवा, तोफेकडचा दोर सरळ हवा. ओढणारी ४७ मिलिमीटरची माणसे पुढे झुकलेली, टाच रोवलेली हवीत. पेटीतून येणारे ताठ उभे शिपाई इथे कुचकामाचे.

ती माणसे कोण, हा तपशील अधिक बोचरा आहे. स्टीव्हन्सनकडे हैदराबादची तैनाती फौज होती. तिच्यात ९४ वी स्कॉच पलटण हे एकच गोरे पायदळ. उरलेल्या पलटणी मद्रासच्या हिंदी शिपायांच्या. गड घेणाऱ्या तोफा ओढणारे बहुतेक हात हिंदी होते. मद्रासी शिपायाच्या अंगात लाल डगला असे, पण खाली पाटलोण-बूट नसत. आखूड चड्डी आणि उघडे पाय असत. बाजारातील इंग्रज सैनिकांची चित्रे जशीच्या तशी वापरली, तर रंगकाम कितीही सुबक असो, प्रतिकृती खोटे बोलते.

यावर आक्षेप येईल की वऱ्हाडच्या मुलांनी आक्रमकांचे कष्ट का घडवावेत. गडावर लढून पडलेला किल्लेदार बेणीसिंग का नको? बेणीसिंग हवाच. पण खाली दोर कोणी ओढला हे झाकून वर त्याचे शौर्य मांडले, तर गड का पडला ते कळत नाही. तट पाडणारी तोफ जितकी खरी, तितकाच तिला वर आणणारा पगारी हिंदी शिपाईही खरा.

जमिनीचा रंगही साक्ष देतो. अचलपूरची जमीन काळी, कपाशीची. वर मेळघाटात बेसाल्टचा तपकिरी मुरूम आणि सागाचे रान. चाकाच्या आऱ्यांमध्ये वाळलेली काळी माती आणि धावेवर ताजा तपकिरी फुफाटा रंगवला, तर खालून वर आलेला सारा प्रवास एका चाकात दिसतो. संपूर्ण वाट दाखवणे अशक्यच : ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, आणि १:३५ प्रमाणातही ती जवळजवळ १.४ किलोमीटर भरेल. अमरावतीच्या कोणत्या अंगणात ती मावणार? एक चढ, एक तोफ, एक दोर आणि वीस माणसे पुरेत.

आणि एक शिडी. १३ ते १५ डिसेंबर या दिवसांत तोफांनी बाहेरच्या तटांना खिंडारे पाडली, पण आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता. १५ तारखेच्या हल्ल्यात ९४ व्या पलटणीच्या हलक्या कंपनीने कॅप्टन कँपबेलच्या नेतृत्वाखाली शिडी लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहाला मान्यता दिली. प्रतिकृतीत ही शिडी आगपेटीच्या काड्यांचीही चालेल. ती आतल्या तटाला टेकवावी, खिंडाराला नव्हे.