विश्लेषण : नातू गावात नसेल, तर आजोबांचा ओटीपी कोण सांगणार?

दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतल्या कित्येक वाड्या-वस्त्यांवर दोनच वयाची माणसं उरतात : साठीच्या पुढची आणि शाळेत जाणारी. मधली पिढी कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलेली असते. ती परत येते मार्च-एप्रिलमध्ये. संगमनेर, पारनेर, श्रीगोंद्याकडे कारण वेगळं, पण घरं तशीच. तिथली पोरं चाकण, रांजणगाव, पुण्यात कामाला.

आता याच महिन्यांत काय काय येतं ते पाहा. सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये. रब्बीची ई-पीक पाहणी साधारण डिसेंबरपासून. २०२५ मध्ये त्यात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची भर पडली. ही सगळी कामं मोबाइलवर येऊन ठेपली आहेत आणि घरात मोबाइल नीट हाताळणारा माणूस शंभर-दोनशे किलोमीटर लांब आहे. किंवा आठवीत आहे.

क्षेत्रफळाने अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा. तालुक्याच्या गावी जाऊन यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा आख्खा दिवस. म्हणून मोबाइलवर होणारी सोय खोटी नाही. प्रश्न एवढाच, की ती सोय नेमकी कुणाच्या हातात आहे?

ओटीपी जातो कुठे?

बऱ्याच घरांत आजी-आजोबांच्या आधारला जोडलेला नंबर त्यांचा नसतोच. आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, तो मुलाचा. तोच नंबर लागला. आता मुलगा चाकणला दुसऱ्या पाळीत, मोबाइल लॉकरमध्ये. इकडे सेवा केंद्रात आजी खुर्चीवर बसलेली आणि ओटीपीची दहा मिनिटं संपत चाललेली. काही घरांत तर तो नंबर केव्हाच बंद पडलेला असतो आणि हे कळतं थेट योजनेचे पैसे थांबल्यावर.

लाडकी बहीण योजनेत वयाची मर्यादा ६५ वर्षांपर्यंत आहे, म्हणजे साठी ओलांडलेल्या बायकाही त्यात आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली आणि दोन महिने दिले. बाईचा आधार ओटीपी झाला की पुढे पतीचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी. ज्यांचे पती आणि वडील दोघंही हयात नाहीत त्यांनी काय करायचं? ही रचना करताना हा प्रश्न कुणाला पडला नसावा. पुढे मुदत वाढवावी लागली, आणि अशा महिलांसाठी मृत्यू प्रमाणपत्राची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट काढावी लागली. शेवटी काम सुटलं ते गावातल्या एका ओळखीच्या बाईपाशी, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

फोनवरून सांगून होत नाही अशी कामं

ओटीपी निदान फोन करून सांगता येतो. ई-पीक पाहणीचं तसं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाची नोंद करायची आणि फोटो काढायचा. नोंद राहिली तर विमा, हमीभावाने विक्री आणि नुकसानभरपाई या तिन्ही ठिकाणी अडचण येऊ शकते. पूर्वी हे काम तलाठी करायचे. ते घरबसल्या पीकपेरा लिहितात, अशी लोकांची तक्रार असायची आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण तलाठ्याकडून काढलेलं काम आलं कुणाकडे? कागदोपत्री सातबाऱ्यावरच्या सत्तर वर्षांच्या खातेदाराकडे. प्रत्यक्षात शनिवारी गावी येणाऱ्या मुलाकडे. शासनानेही आता गावोगाव सहाय्यक नेमून राहिलेल्या नोंदी करून घ्यायला सुरुवात केली आहे. शेतकरी ओळख क्रमांकही एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी लागतोच.

बोटांचे ठसे हा वेगळा त्रास. आयुष्यभर खुरपं, कोयता, विळा धरलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. जीवन प्रमाण ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ ला आली तेव्हा बोट किंवा बुबुळ स्कॅन करावं लागायचं. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो, साध्या अँड्रॉइड फोनवर. ही खरोखर चांगली सुधारणा आहे. एकाच फोनवरून अनेक जणांचे दाखले काढता येतात, म्हणजे प्रत्येक पेन्शनरकडे स्मार्टफोन असण्याची गरज नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्हाभर कारखाने झाले, त्यामुळे इथे कारखान्यांतून निवृत्त झालेले ईपीएस-९५ चे पेन्शनर गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी तर नोव्हेंबरचीही अट नाही. दाखला वर्षात कधीही द्या, दिल्यापासून वर्षभर चालतो. तरी नोव्हेंबरमध्ये रांगा लागतातच.

साठीनंतर शिकवायचं नाही, असं ठरलंच होतं

इथे एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ग्रामीण भागाला मोबाइल-संगणक शिकवण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं. लक्ष्य सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचं, प्रत्येक घरातून एक माणूस. मार्च २०२४ पर्यंत सहा कोटींहून जास्त लोकांना प्रशिक्षण दिल्याचं सरकार सांगतं. पण वयाची अट होती १४ ते ६०.

म्हणजे साठीपुढच्यांना शिकवायचंच नव्हतं. घरातला एक शिकला की तो बाकीच्यांचं बघेल, हे गृहीत धरलेलं. शिकलेला तो एकच जण सगळ्यात आधी गाव सोडून जातो, हे मात्र कुणी धरलं नाही. आपण ज्याला घरातली बाब समजतो, 'आमचा नातू करतो सगळं', ती खरं तर धोरणाने घरावर टाकलेली जबाबदारी आहे.

दुसऱ्यावर अवलंबून राहणं म्हाताऱ्यांना नवं नाही. पत्र पोस्टमन वाचून दाखवायचा, मनीऑर्डरीचे पैसे ओट्यावर मोजून द्यायचा, अंगठा उठवला की शेजारचा कुणीतरी साक्षीला सही करायचा. त्या अंगठ्याला साक्षीदार असायचा. ओटीपीला नसतो. नातवाने आजीच्या फोनवर काय केलं हे फक्त नातवाला माहीत.

पिन सांगितला तर नुकसान कुणाचं?

बहुतेक नातवंडं प्रामाणिकच असतात. पण बँकेचा नियम प्रेमावर चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, फसवणुकीत बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. मात्र पिन-पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. 'दुसऱ्याला' यात नातूही आला. आजीच्या पासबुकाच्या कव्हरमागे पेनाने लिहिलेला चार आकडी पिन किती घरांत सापडेल, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

यावर एक बरी वाट आहे. २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये खातेदार दुसऱ्या माणसाला मर्यादित अधिकार देऊ शकतो. एका प्रकारात नातू व्यवहार तयार करतो आणि आजी आपल्या फोनवर पिन टाकून तो मंजूर करते. दुसऱ्या प्रकारात दर वेळी पिन लागत नाही, पण महिन्याला १५ हजारांची कमाल मर्यादा असते. साधा बटणांचा फोन असेल तर यूपीआय १२३पे आहे. वरवर किचकट वाटतं खरं, पण पिन आजीजवळच राहतो.

पैशाचा माग आणखी एका दिशेने जातो. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये हे अनेक म्हाताऱ्या माणसांचं एकमेव स्वतःचं उत्पन्न. खातं मुलाच्या मोबाइलवर असलं की कधी आले, किती काढले, हे विचारावं लागतं, आणि स्वतःच्याच पैशाबद्दल विचारायची चोरी होते. घरात पैशांवरून त्रास होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. बाहेरच्याने फसवलं तर १९३०, आणि तोही लगेच.

मग करायचं काय?

याच जिल्ह्यात जामखेडला १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या अनेकींनी शाळा पाहिली नव्हती. डॉक्टर गावात थांबत नाही म्हणून त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, जी थांबणार आहे तिला शिकवायचं, हा त्यामागचा हिशोब. मोबाइलच्या कामांनाही तो लागू पडतो असं मला वाटतं. अंगणवाडी सेविका, बचत गटातली एखादी, पोस्टमन : ही गावात राहणारी माणसं आहेत. त्यांच्यावर आधीच कामांचा ढीग आहे, त्यामुळे हे फुकटात मागू नये. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन आजही ७० रुपयांत घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला काढतो, आधारचा मोबाइल नंबरही बदलून देतो. पीएम किसानच्या ॲपमध्ये तर २०२३ पासून एक शेतकरी आपल्या फोनवरून आसपासच्या १०० जणांची ई-केवायसी चेहरा दाखवून करून देऊ शकतो.

हे मोबाइलवर वाचत असाल, तर घरातला तो 'नातू' बहुधा तुम्हीच आहात. 'दे इकडं आज्जी, तुला नाही जमायचं' म्हणून फोन हिसकावून घेतला की काम दोन मिनिटांत होतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तुमच्याकडेच येतं. पुढच्या वेळी गावी गेलात की आधी एवढं पाहा : आजी-आजोबांच्या आधारला कुणाचा नंबर आहे आणि तो चालू आहे का. दुसऱ्याचा असेल, तर कोयत्याच्या गाड्या निघायच्या आत पोस्टमनला गाठा.