दोनशें वीस आकृत्या आणि एक ओळ

सैद्धांतिक भौतिकीविषयीं सुशिक्षितांच्या बैठकींत अलीकडे एक निकाल मोठ्या आत्मविश्वासानें दिला जातो. २०१२ मध्यें हिग्ज कण सांपडला. त्यानंतर जिनीव्हाजवळच्या त्या अवाढव्य यंत्रानें नवा मूलकण कांहीं हातीं दिला नाहीं. म्हणून रिकामे बसलेले सिद्धांती आतां अस्तित्वांतच नसलेल्या जगाची भूमिति रेखाटीत आहेत, असा तो निकाल. कणांच्या टकरींच्या गणितांत ज्या गुप्त रचना सांपडल्या, त्या म्हणे याच रिकामपणाचें फळ! हें मत आम्हांस साफ चुकीचें वाटतें. मात्र तें खोडून काढतांना या विषयाच्या भक्तमंडळींनाही दोन शब्द सुनवावे लागतील, त्यास इलाज नाहीं.

प्रश्न मुळांत साधा आहे. दोन कण एकमेकांवर आदळले असतां त्यांतून अमुक कण अमुक दिशांनीं बाहेर पडण्याचा संभव किती? ज्या संख्येच्या परिमाणाचा वर्ग केला असतां हा संभव मिळतो, तिला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. ती काढण्याची रीत रिचर्ड फाइनमन यांनीं १९४८-४९ च्या सुमारास दिली. टक्कर जितक्या प्रकारांनीं घडलीसें कल्पितां येईल तितक्या आकृत्या काढाव्या, प्रत्येकीची किंमत मांडावी आणि सगळ्यांची बेरीज करावी. ही रीत इतकी यशस्वी ठरली कीं, आकृति म्हणजे घटनेचें छायाचित्रच, असें पुष्कळांस वाटूं लागलें. सारा घोटाळा येथेंच आहे.

प्रोटॉनच्या पोटांत क्वार्कांना जखडून ठेवणारे जे ग्लुऑन, त्यांचेंच उदाहरण घेऊं. दोन ग्लुऑन आदळून चार बाहेर पडले, तर अगदीं पहिल्या पायरीवरच २२० आकृत्या लागतात. दोहोंतून आठ निघाले, तर त्यांची संख्या १,०५,२५,९०० होते. अमेरिकेंतील फर्मी प्रयोगशाळेंत स्टीफन पार्क व टोमाश टेलर यांनीं १९८५ मध्यें त्या २२० आकृत्यांचा हिशेब पुरा केला, आणि १९८६ मध्यें एक विलक्षण सूत्र पुढें मांडलें. ग्लुऑन आपल्या गतीच्या दिशेभोंवतीं उजवा किंवा डावा फिरत असतो. सगळ्यांचा हिशेब एकाच बाजूनें धरला असतां दोन ग्लुऑन एका तऱ्हेचे व बाकीचे सर्व दुसऱ्या तऱ्हेचे निघाले, तर एका शेजारक्रमापुरती ती सारी रास एका पदांत मावते. प्रत्येक जोडीसाठीं तिच्या गतींवरून एक संख्या काढावयाची. अंशस्थानीं त्या दोन वेगळ्यांच्या संख्येचा चतुर्थ घात, छेदस्थानीं शेजारशेजारच्या जोड्यांचा गुणाकार. ग्लुऑन सहा असोत कीं साठ, सूत्र तेंच! बेरेंड्स व गील यांनीं तें १९८८ मध्यें रीतसर सिद्ध केलें. आणि वेगळा ग्लुऑन एकच असला, किंवा मुळींच नसला, तर या पायरीवर उत्तर शून्य येतें. म्हणजे कोटभर आकृत्यांची वही भरावयाची, आणि खालीं शिल्लक शून्य मांडावयाची.

टीकाकार म्हणतात, ही नुसती बीजगणितांतली झाडलोट झाली. तींत निसर्गाचें ज्ञान कोठें आहे? तें असें. ग्लुऑनच्या फिरण्याच्या अवस्था दोनच; पण स्थळकाळांतील क्षेत्र म्हणून त्याचें वर्णन करावयाचें, तर घटक चार घ्यावे लागतात. हा वरचा ऐवज निसर्गाचा नव्हे, आपल्या सोयीचा; तो कसा निवडावा हें लिहिणाराच्या मर्जीवर असतें. मर्जी बदलली कीं प्रत्येक आकृतीची किंमत बदलते, बेरीज मात्र हलत नाहीं. एखाद्या दुकानदारानें तेच शंभर रुपये या खणांतून त्या खणांत दिवसभर फिरवावे आणि प्रत्येक फिरवाफिरव रोजकीर्दींत नोंदवावी, तसा हा प्रकार आहे. लेखकाच्या लहरीनें जी बदलते ती नोंद निसर्गांतली घटना कशी असूं शकेल? ब्रिटो, काचाझो, फेंग व विटन यांनीं २००५ मध्यें जी रीत दिली, तींत लहान टकरींच्या उत्तरांतूनच मोठ्या टकरींचीं उत्तरें बांधलीं जातात. आभासी कणांचा तो गजबजाट लागतच नाहीं. गतीच्या संख्या संमिश्र मानाव्या लागतात, एवढीच त्याची किंमत.

"पण हें सगळें काल्पनिक जगांतलें!" हा आक्षेप तर वस्तुस्थितीसमोर टिकतच नाहीं. बर्न, डिक्सन, डनबार व कोसोवर यांच्या १९९४ च्या कामांतून वाढलेल्या रीतींनीं, डब्ल्यू कणाबरोबर कणांचे तीन-तीन, चार-चार झोत कसे उसळतात, याचे सूक्ष्म हिशेब या आपल्याच जगासाठीं झाले आहेत. याहून आश्चर्याची गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. ग्लुऑनांच्या सूत्रांचा एका विशिष्ट अर्थानें वर्ग केला कीं गुरुत्वाचीं सूत्रें निघतात. कावाई, लेवेलेन व टाय यांनीं १९८६ मध्यें दिलेला हा संबंध बर्न, कॅरास्को व योहान्सन यांनीं २००८ मध्यें अधिक उघड केला. त्याच वाटेनें २०१९ मध्यें दोन वस्तुमानांमधील आकर्षणाचा हिशेब न्यूटनच्या स्थिरांकाच्या तिसऱ्या घातापर्यंत नेण्यांत आला. आणि २०१५ पासून ज्या गुरुत्वलहरी प्रत्यक्ष टिपल्या जात आहेत, त्यांचें भाकित करण्यास असेच हिशेब लागतात. पत्त्यांच्या बंगल्यांतून कृष्णविवरांचें गणित निघत नसतें.

आतां भक्तमंडळींकडे वळूं. निमा आर्कानी-हामेद व यारोस्लाव त्र्न्का यांनीं २०१३ मध्यें 'ॲम्प्लिट्युहेड्रॉन' नांवाची भूमितीय आकृति पुढें आणली. तिच्या घनफळासारख्या एका राशींतून टकरीचें उत्तर निघतें. लागलीच स्थळकाळाची घटका भरल्याच्या घोषणा झाल्या. मग त्यावरून जग माया असल्याचें सिद्ध करणारेही निघालेच! या मंडळींनीं एक तळटीप वाचावयाची राहिली. ही आकृति ज्या सिद्धांताची आहे त्यांत सुपरसिमेट्री कमाल आहे, कण सर्व वस्तुमानरहित आहेत, आणि त्याचीही केवळ एक सोपी, सपाट मर्यादाच येथें घेतली आहे. अशा जगांत प्रोटॉनही बनत नाहीं. मग माया कोणास दिसावयाची? शिवाय क्षेत्रांचें प्रेत उचलण्याची घाई पूर्वींही झाली होती. १९६० च्या दशकांत जेफ्री च्यू व त्यांच्या अनुयायांनीं क्षेत्र-सिद्धांत निकालांत काढून केवळ टकरींच्या उत्तरांवर सारें उभारूं पाहिलें. १९७३ मध्यें क्वार्क-ग्लुऑनांच्या क्षेत्र-सिद्धांतानेंच तो डाव उधळून लावला.

म्हणून २०२३ चा शोध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, जरी त्याचा गाजावाजा फारसा झाला नाहीं. आर्कानी-हामेद व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, गतींच्या कांहीं विशिष्ट मांडण्यांत ॲम्प्लिट्यूड अकस्मात् शून्य होते. आणि हीं शून्यें एका अगदीं साध्या नमुन्याच्या सिद्धांतांत, पायॉनांत आणि ग्लुऑनांत एकसारखींच आढळतात. फाइनमनच्या आकृत्यांत त्यांचा मागमूस दिसत नाहीं; आणि येथें सुपरसिमेट्रीचा टेकूही नाहीं. ज्यांस हा सारा विषय बीजगणिताची झाडलोट वाटतो, त्यांनीं तीन निराळ्या सिद्धांतांत एकाच जागीं शून्य कां यावें, याचा खुलासा करावा. आणि ज्यांनीं स्थळकाळाचे विधि उरकून घेतले आहेत, त्यांनीं खऱ्या ग्लुऑनांच्या वेटोळेदार आकृत्यांसाठीं तशी एक भूमिति पुरी करून दाखवावी. तोंपर्यंत २२० आकृत्यांची वही जवळ ठेवण्यास आमची हरकत नाहीं. पार्क व टेलर यांनींही आपली ओळ तिच्याशींच ताडून पाहिली होती.