पंचवीस वर्षांनी पुन्हा शब्द देताना

गोव्यात लग्न आधी कागदावर लागतं. वधूवर साक्षीदारांना घेऊन नागरी निबंधकाकडे जातात, पहिली सही करतात आणि ठरलेले दिवस उलटले की दुसरी. १९१० च्या पोर्तुगीज विवाह कायद्यानं घालून दिलेली ही वाट १९६१ नंतरही मोडली नाही. मंडपात भटजी अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात. पण कायद्याच्या लेखी लग्न त्या अक्षतांनी होत नाही. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माझ्या ठाण्याच्या मावसबहिणीला मात्र फोनवर दोनदा सांगावं लागलं.

तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत. दोघांना मांद्र्याच्या किनाऱ्यावर, जवळच्या वीसपंचवीस माणसांसमोर, एकमेकांना पुन्हा वचन द्यायचं आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्याचा किनारा मुंबईकरांना आणखी जवळ आला. हॉटेल मिळालं, जेवणाचं ठरलं. अडलं ते एकाच गोष्टीवर. ‘ताई, तू म्हापशाची. तुझ्या ओळखीचं कुणी असेल ना, हे सगळं लावून देणारं?’

मी आधी पेडण्याच्या एका वयस्क भटजींना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ‘एकदा लागलेलं लग्न मी पुन्हा कसं लावू? सत्यनारायण घाला, मी आनंदानं येतो.’ मला त्यांचं म्हणणं पटलं. विवाह हा संस्कार आहे, आणि तो झालेला आहे. चर्चचीही भूमिका याहून फार वेगळी नाही. लग्नाला पंचवीस किंवा पन्नास वर्षं झालेलं जोडपं मिसेला वेदीसमोर उभं राहतं, दिलेलं वचन पुन्हा उच्चारतं आणि पाद्री त्यांना आशीर्वाद देतात. पण तो संस्कार नव्यानं होत नाही, व्यक्त होते ती कृतज्ञता. हॉटेलच्या पॅकेजमध्ये सूट घातलेला एक सूत्रसंचालकही मिळतो. त्याचं भाषण छान असतं. पण ज्यानं या दोघांना कधी भांडताना पाहिलेलं नाही, आजारपणात एकमेकांच्या उशाशी बसलेलं पाहिलेलं नाही, त्यानं त्यांच्या पंचवीस वर्षांबद्दल बोलावं हे मला मुळीच मान्य नाही.

‘ही परदेशी खुळं कशाला’ असं आमच्यातल्या काहींना वाटतं. मी त्यावर बराच विचार केला. तमिळनाडूत तिरुक्कडैयूरच्या देवळात साठी आणि ऐंशी गाठलेली जोडपी पुन्हा लग्नाला उभी राहतात, पती पुन्हा मंगळसूत्र बांधतो. आपल्याकडे साठीशांत आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे. बायको शेजारी बसते, दोघांना ओवाळतात, मुलं पाया पडतात. पण मोजलेली असतात ती नवऱ्याच्या वयाची वर्षं, संसाराची नव्हेत. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळते ती एकटी बायको. म्हणजे दरवर्षी नवस बोलणारी एक, आणि साठीला सत्कार होणारा दुसरा. दोघांनी मिळून, एकाच वेळी, एकमेकांकडे बघत बोलावं असा प्रसंग आपल्या घरांत लग्नानंतर सहसा येतच नाही. लग्नातही विवाहहोमाशेजारी सप्तपदी चालताना मंत्र म्हणतो तो वर. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवं पाऊल सख्याचं. वधू चालते, बोलत नाही. ‘नातिचरामि’ हे वचनसुद्धा वर देतो ते वधूच्या वडिलांना. माझ्या बहिणीला पंचवीस वर्षांनी बोलायचं आहे, त्यात मला खूळ दिसत नाही.

मग लावून देणार कोण? इथं कायदा आडवा येत नाही. कायद्यानं लग्न मागेच झालं आहे, तेव्हा अधिकारपत्र कुणाचंच लागत नाही. आणि परंपरेतही दार बंद नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजानं भटजीवाचून लग्न लावलं. जोतीरावांनी त्या पद्धतीसाठी मंगलाष्टकं रचली ती वधू आणि वर दोघांनी आळीपाळीनं बोलायची. पुण्यातच गेल्या काही दशकांत स्त्रिया पौरोहित्य शिकल्या, ज्ञानप्रबोधिनीचे पुरोहित प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करतात. इतक्या लांब तरी कशाला जा? व्हडल्या दिवाळीला गोव्यातल्या घराघरांत तुळशीचं लग्न लागतं. दर वर्षी तेच वर, तीच वधू, ऊस, चिंचा, आवळे आणि दिंड्याची काठी. वाड्यावर भटजी पोचेपर्यंत उशीर होणार असेल तर घरातलं वडीलधारं कुणीतरी मंगलाष्टकं म्हणतं आणि लग्न लागतं. कुणी त्याला खोटं म्हणत नाही.

म्हणून मी मावशीचं नाव सुचवलं. नवरीची आई. पंचवीस वर्षांपूर्वी त्या लग्नात कन्यादान मामामामींनी केलं, कारण मावशी विधवा होती. मुलीला एकटीनं वाढवून, शिकवून, दागिनेही तिनंच केले होते. बोहल्याच्या वेळी ती आत स्वयंपाकघराकडे होती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावानं ठराव करून जे म्हटलं, ते आम्ही एका कुटुंबानं न करण्याला काय कारण होतं? या दोघांची पंचवीस वर्षं तिच्याइतकी कुणी पाहिली आहेत?

बाकीचं सोपं आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरतो, तीच गोरज मुहूर्ताची वेळ. पत्रिका बघायला नको. होम करायचा नाही, वाऱ्यात तो पेटत नाही आणि गरजही नाही. भरतीची वेळ तिथल्या रापणकारांना विचारली आहे. वाळूवर प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपक नकोत हे मी बजावलं, कारण थंडीत मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि उजेडानं पिल्लांची दिशा चुकते. पंचवीस माणसांना ऐकू जायला मावशीचा आवाज पुरे आहे. आयुष्यभर तिनं मराठी शाळेत शिकवलं.

मावशी आधी ‘मला कशाला, चांगल्या सवाष्णीला बोलवा’ म्हणाली. जावयानं फोन हातात घेतला आणि म्हणाला, ‘आई, तुम्ही नसाल तर आम्ही हे करणारच नाही.’ ती तयार झाली. सप्तपदीचा मराठी अर्थ लिहून पाठव, अक्षर मोठं काढ, आणि सातही पावलांची वाक्यं दोघांना वाटून दे, असं तिनं मला सांगितलं आहे.