भूत पुस्तकातले आणि भूत घरातले

मुलाच्या हातात भुताखेताचे किंवा जादूटोण्याचे पुस्तक दिसले की अनेक पालकांच्या कपाळाला आठी पडते. "डॉक्टरसाहेब, असले वाचून पोराच्या डोक्यावर काही परिणाम तर होणार नाही ना?" हा प्रश्न उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दवाखान्यात हमखास विचारला जातो. मूल भित्रे होईल असे कुणाला वाटते, तर ते नको त्या नादाला लागेल असे कुणाला वाटते. प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, त्यामुळे तो हसण्यावारी नेऊ नये. म्हणून आज जुलाब, खोकला आणि मधुमेह बाजूला ठेवून या विषयावर बोलू.

ही काळजी काही आपल्याच गावची नाही. इंग्लंडमध्ये १९९७ साली हॅरी पॉटर या जादूगार मुलाचे पहिले पुस्तक आले आणि जगभरची मुले त्यामागे वेडी झाली. अमेरिकेत मात्र अनेक पालकांनी 'ही पुस्तके मुलांना चेटूक शिकवतात' अशी ओरड केली. डिसेंबर २००१ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावी एका चर्चच्या आवारात या पुस्तकांची चक्क होळी झाली. आर्कान्सा राज्यातल्या एका शाळा मंडळाने पालकांची चिठ्ठी असल्याशिवाय पुस्तक द्यायचे नाही असा नियम केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ साली न्यायालयाने पुस्तके पुन्हा खुल्या कपाटात ठेवायला लावली. पुढे ही पुस्तके मराठीतही आली. ती वाचणारी मुले आज नोकरीधंद्याला लागली आहेत. त्यातले कोणी झाडूवर बसून उडायला लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही!

आपल्याकडे तर ही परंपरा फार जुनी. वेताळपंचविशीच्या पंचवीस गोष्टी अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात आहेत. प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा माझ्या पिढीला 'चांदोबा'त भेटला. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चेटकीण पाहायला आईबाप स्वतः मुलांना घेऊन जातात आणि मुले तिला घाबरत घाबरत हसतात. त्या भीतीत मजा असते, कारण आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते.

अर्थात वय पाहिले पाहिजे. चार-पाच वर्षांच्या मुलाला खरे आणि कल्पनेतले यांतला फरक पक्का कळत नाही. पलंगाखाली राक्षस आहे असे ते म्हणते, तेव्हा त्याच्यापुरता तो असतोच. सात-आठ वर्षांच्या पुढे ही समज हळूहळू पक्की होते. म्हणून थोरल्याचे पुस्तक धाकट्याला रात्री दिवा मालवताना वाचून दाखवू नये, एवढे पथ्य जरूर पाळावे. आणखी एक गोष्ट. एस.टी. स्टँडवर 'वशीकरण' आणि 'सिद्ध मंत्र' शिकवणारी पुस्तके विकायला असतात. ती गोष्टीची पुस्तके नव्हेत. गोष्ट म्हणते, 'एक होता राजा.' ही पुस्तके म्हणतात, 'असे करा, तसे होईल.' ती मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. थोरांनीही घरी आणू नयेत.

आता वैद्यकीय भाग. मूल रात्री ओरडत उठले की दोष पुस्तकावर येतो. पण ओरडण्याचे दोन प्रकार आहेत. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडते. मूल पूर्ण जागे होते, स्वप्न सांगते, आईला बिलगते. दुसरा प्रकार झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतला. मूल एकदम उठून किंचाळते, डोळे सताड उघडे, घामाघूम, छाती धडधडते, समोरच्या आईलाही ओळखत नाही. काही मिनिटांत पुन्हा झोपी जाते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. याला आम्ही नाईट टेरर म्हणतो. पाहणाऱ्याला वाटते, याला 'बाहेरचे' लागले. तसे काही नसते. जागरण, ताप, दमणूक यांमुळे हा त्रास वाढतो आणि वय वाढते तसा बहुतेक मुलांत आपोआप जातो. त्या वेळी मुलाला हलवून जागे करू नये, फक्त ते पडणार नाही, त्याला लागणार नाही हे पाहावे. झोपेची वेळ ठरलेली असावी. शाळकरी मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, हे आपण विसरतो.

काही वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलीला तिची आई घेऊन आली. तीन आठवडे मुलगी झोपत नव्हती, अंथरूण ओले करू लागली होती. वाचनालयातून आणलेले भुताचे पुस्तक वडिलांनी रागाने बंबात घातले होते, तरी गुण नव्हता. मुलीशी एकटीशी बोललो. तिने पुस्तकाचे नावही काढले नाही. वडील रात्री पिऊन येतात आणि आईला मारतात, म्हणून ती दाराच्या कडीकडे कान लावून जागी राहत होती. पुस्तक जळाले, भीती मात्र घरातच होती. मुलाची भीती महिनाभर टिकली, ते दिवसाही घाबरू लागले, शाळा टाळू लागले, तर पुस्तकापलीकडे पाहावे. घर, शाळा, शिकवणी, शेजार, कुठे काही बोचते आहे का, याचा शांतपणे तपास करावा.

आणि आता जे मला खरोखर भिववते ते सांगतो. दोन वर्षांच्या एका मुलाला ताप आला, झटके आले. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला. अंगारा झाला, उतारा झाला, मिरचीची धुरी झाली. दोन दिवस गेले. माझ्यापुढे आणला तेव्हा मूल मान वाकवू देत नव्हते. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. जिल्ह्याच्या गावी पाठवले, जीव वाचला, पण दोन्ही कानांनी ऐकू येईनासे झाले. त्या घरात भुताचे एकही पुस्तक नव्हते. पुस्तके मुळी नव्हतीच.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, धुरी देणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून गंडेदोरे करणे, हे सारे या कायद्याने गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. कायद्याचा रोख गोष्टीवर नाही, फसवणुकीवर आणि अघोरी कृत्यावर आहे. पालकांनीही रोख तिकडेच ठेवावा.

थोडे स्पष्ट बोलतो. मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेणारे हात त्याच संध्याकाळी त्याच्या गळ्यात ताईत बांधतात. पुस्तकातले भूत शेवटच्या पानावर संपते. "भूत नाही" असे तोंडाने सांगून ताईत बांधला की मूल काय समजायचे ते समजते. जेवत नाही म्हणून बागुलबुवा, झोपत नाही म्हणून पोलीस, आणि रडतो म्हणून "डॉक्टर सुई टोचतील" ही भीती आपणच पेरतो. या शेवटच्या वाक्यापायी कित्येक मुले मला पाहताच भोकाड पसरतात, आणि पोट तपासायचे राहून जाते!

तेव्हा पालकांनी एवढे करावे. पुस्तक आधी स्वतः चाळावे. लहान मुलाला ते दिवसा, जवळ बसवून वाचून दाखवावे. "यातले खरे काय, खोटे काय?" असे विचारावे आणि मुलालाच बोलू द्यावे. ते घाबरले तर टर उडवू नये, पुस्तक काही महिने वरच्या फळीवर ठेवावे. आणि तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये, तडक दवाखाना गाठावा.

वाचणाऱ्या मुलाला प्रश्न पडतात. "वेताळ खरा असतो का?" असे विचारणारे पोर उद्या मोठेपणी "या अंगाऱ्याने ताप कसा उतरेल?" असेही विचारील. ते पोर मला हवे आहे. त्याच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका.