पिकांच्या नांवांचें खुलें दप्तर

महसुलाच्या दप्तरांत ज्याची सारी नोकरी गेली, त्यानें संगणकाच्या नव्या विद्येविषयीं लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेंतलें, इंग्रजी कामापुरतें. तथापि नोंद कशी ठेवावी आणि ती कशी बिघडते, एवढें ज्ञान नोकरीनें भरपूर दिलें. आज जी सूचना मी शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें, ती मुळांत नोंदीचीच आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतों. नोकरीच्या आरंभीं एका तालुक्यांत पीक-नुकसानीच्या याद्या एकत्र करण्याचें काम मजकडे होतें. डोंगराकडील गांवांहून आलेल्या कागदांत ‘घेवडा’ असें पीक लिहिलेलें होतें. माझ्या घरच्या बोलीत घेवडा म्हणजे वालाच्या जातीची वेलावरची शेंग. एकत्रित तक्त्यांत घेवड्याचा रकाना नव्हता. मीं तो आंकडा निःशंकपणें वालाच्या रकान्यांत घातला. त्या गांवांचा घेवडा हा राजमा होता. पिकें वेगळीं, त्यांचें उत्पन्न वेगळें, भावही वेगळे. यादी परत आली, चौकशी झाली, दुरुस्तीही झाली. परंतु तेवढ्यांत दोन हंगाम निघून गेले, आणि ज्यांना पेरणीपूर्वीं पैसे हवे होते त्यांनीं ते सावकाराकडून काढले. त्यांपैकीं एक वृद्ध गृहस्थ कचेरींत येऊन मला एवढेंच म्हणाले, “भाऊसाहेब, आमच्या रानांत काय पिकतं ते आम्हांला इचारायचं व्हतं.”

शब्द एक आणि वस्तु दोन, असा तो प्रकार होता. याच्या उलट, वस्तु एक आणि शब्द अनेक, हाही प्रकार नित्याचा आहे. आपली तूर उत्तरेस अरहर होते, कर्नाटकांत तोगरी होते, आणि इंग्रजी कागदांत कधीं पिजनपी तर कधीं रेडग्राम. माणसास विचारलें तर तो उलगडून सांगतो. संगणकास अक्षरें तेवढीं दिसतात. बाजारभाव, पीकपाहणी, विमा, मातीची तपासणी, विद्यापीठांच्या शिफारशी, हें सर्व आज संगणकावर आहे खरें; पण प्रत्येकाचें कपाट निराळें आणि प्रत्येक कपाटांत पिकाचें नांव लिहिण्याची तऱ्हा निराळी.

यावरचा उपाय आपल्या गांव दप्तरांतच आहे. जुना सातबारा उघडून पाहा. खातेदाराच्या नांवाजवळ वर्तुळांत एक आंकडा दिसेल. तो फेरफाराचा क्रमांक. त्यावरून गांव नमुना ६ काढला कीं जमीन या नांवावर खरेदीनें आली कीं वारसानें, हें कळतें. खातें क्रमांकावरून ८अ निघतो. म्हणजे एक नोंद दुसरीशीं जोडली गेली ती नांवानें नव्हे, तर क्रमांकानें. म्हणूनच एका गांवांत एकाच नांवाचे चार खातेदार असले तरी त्यांची उकल होते. पिकाचें नांव मात्र त्याच सातबाऱ्यावर नुसतें अक्षरांत राहिलें.

जागतिक जाळ्याची कल्पना १९८९ सालीं मांडणारे टिम बर्नर्स-ली यांनीं २००१ मध्यें दोघां सहकाऱ्यांसह ‘सिमँटिक वेब’, म्हणजे अर्थाचें जाळें, या विषयावर लेख लिहिला. त्याचें तत्त्व मला तरी फेरफाराच्या वर्तुळाहून फार निराळें वाटलें नाहीं. प्रत्येक वस्तूस जगांत एकमेव असा पत्ता द्यावा, आणि माहिती तीन पदांच्या लहान वाक्यांत लिहावी: कोण, कोणता संबंध, कोणाशीं. ‘वाघ्या घेवडा, जात आहे, राजम्याची.’ ‘वाघ्या घेवडा, पिकतो, कोरेगांव तालुक्यांत.’ ‘राजमा, कुळ, शिंबावर्गीय’. येथें कुळ म्हणजे कुळकायद्यांतलें नव्हे! यांतील प्रत्येक पदास पत्ता असल्यामुळें एकाचें वाक्य दुसऱ्याच्या वाक्यास आपोआप जोडलें जातें, मग तीं दोन्ही निरनिराळ्या कपाटांत कां असेनात. ‘आरडीएफ’ नांवाच्या या लेखनपद्धतीचे नियम १९९९ पासून ठरलेले आहेत.

कोणी म्हणेल, असें दप्तर जगांत आहेच. आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा ‘ॲग्रोव्हॉक’ हा शब्दसंग्रह चाळीस हजारांहून अधिक संज्ञांचा असून तो अनेक भाषांत आहे. २०१२ पासून ‘विकिडेटा’ हें खुलें दप्तरही चालू आहे. आपण त्यांचेच क्रमांक घ्यावे. भरल्या विहिरीशेजारीं दुसरी खणण्यांत शहाणपण नाहीं. परंतु डोंगराकडचा घेवडा आणि माझ्या घरचा घेवडा यांतला भेद रोमच्या कचेरींत बसून कोणास कळणार? तालुक्यागणिक बदलणारीं नांवें, जुने वाण, त्यांचा पेरणीचा काळ, हा भाग आपणच भरला पाहिजे.

हें दप्तर ज्या संगणक-प्रणालीवर चालेल तिची मूळ संहिता खुली असावी, हा माझा आग्रह आहे. कंपनीनें करून दिलेलें दप्तर पहिलें वर्ष फुकट असतें. पुढें कुलूप तिचें, किल्ली तिची, आणि आंतला माल तेवढा आपला. ‘जेना’ सारखीं खुलीं साधनें उपलब्ध आहेत; तीं कोणीही तपासावीं, बदलावीं. परवान्याचा खर्च त्यांत नाहीं. खर्च आहे तो यंत्राचा, आणि त्याहून अधिक नोंद तपासणाऱ्या माणसाचा. हा दुसरा खर्च कोणी हिशेबांत धरीत नाहीं, आणि बहुतेक योजना तेथेंच बुडतात.

सर्व उघडें ठेविलें तर आपल्या वाणांची माहिती परके उचलून नेतील, ही भीति खोटी नाहीं. पण हळदीची गोष्ट आठवावी. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्यें अमेरिकेंत पेटंट दिलें गेलें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेऊन लेखी पुरावे दाखल केले, आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. घरोघरच्या आजीस हें ठाऊक होतें, एवढें तेथें पुरेसें नव्हतें, कागद लागला. तारखेसह लिहिलेलें खुलें दप्तर हा आपला तसाच कागद होईल. मात्र कोणाच्या घरीं कोणतें बियाणें किती, कोणावर कर्ज किती, याचें एक अक्षरही त्यांत येऊं नये. सातबारा आज घरबसल्या कोणासही पाहतां येतो, आणि त्याचा उपयोग केवळ भले लोकच करतात असें नाहीं. एखाद्या वाणाचा गुण घराण्यापुरताच ठाऊक असेल आणि तें घर सांगूं इच्छीत नसेल, तर तोही वगळावा.

आरंभ थोड्यावर करावा. तूर, मूग, उडीद, वाल आणि घेवडा, एवढींच कडधान्यें घ्यावीं. प्रत्येक सभासदानें आपल्या गांवीं त्यांस काय म्हणतात, पेरणी केव्हां होते, दाणा कसा असतो, हें एका पुठ्ठ्यावर लिहावें आणि सोबत दाण्यांची पुडी बांधावी. रंग शब्दांत सांगणें फार फसवें असतें. पुडी पाहून दोघां जाणत्यांनीं ओळख पटवावी. मतभेद झाल्यास दोन्ही मतें लिहावीं, खाडाखोड करूं नये. संगणकाचें काम कृषि महाविद्यालयांतील एखादा होतकरू विद्यार्थी करील. रकाने आंखून देण्याचें काम मी पत्करतों. नमुन्याचा तक्ता तयारच आहे. ‘घेवडा’ या शब्दासमोर त्यांत दोन ओळी मोकळ्या ठेविल्या आहेत.