चेकअप पॉलिसीत, पॉलिसी कपाटात

रोजचा दीड जीबी डेटा रात्री बाराच्या आत संपला नाही, तर आपला जीव हळहळतो. फूड अॅपचं कूपन उद्या एक्स्पायर होणार म्हटल्यावर भूक नसतानाही ऑर्डर जाते. पण आपल्याच घरात दरवर्षी एक कामाची गोष्ट न वापरता संपून जाते आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो. ती म्हणजे आई-बाबांच्या हेल्थ इन्शुरन्समधलं प्रिव्हेंटिव्ह हेल्थ चेकअप.

आजारी पडायच्या आधी करायची ही तपासणी बऱ्याच पॉलिसींमध्ये असते. काहींत दरवर्षी, काहींत एक वर्ष सोडून, तर काही जुन्या पॉलिसींत ठरावीक वर्षं क्लेम केला नसेल तरच मिळते. यादीत साधारणपणे सीबीसी, शुगर, कोलेस्ट्रॉल, किडनी-लिव्हरच्या टेस्ट, लघवीची तपासणी आणि कधी कधी ईसीजी असतो. कंपनीच्या अॅपवरून किंवा हेल्पलाइनला फोन करून स्लॉट घ्यायचा, नाहीतर आधी पैसे भरून नंतर बिल पाठवायचं. यंदा केलं नाही, तर पुढच्या वर्षी दोन मिळतील, असं मात्र सहसा होत नाही.

याला आपण ‘फुकट चेकअप’ म्हणतो, तिथेच घोळ होतो. फुकटच्या गोष्टीची आपल्याकडे किंमत नसते. खरं तर ते पैसे प्रीमियममधून आधीच गेलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, तेव्हा घराघरांत किती वाचले याचा हिशोब झाला. उरलेल्या प्रीमियममध्ये आपल्याला काय काय मिळतं, हा हिशोब मात्र कुणी केला नाही.

मी माझ्या ओळखीतल्या पाच-सहा जणांना विचारलं, घरच्या पॉलिसीत चेकअप आहे का? ‘बघावं लागेल’ हेच उत्तर जास्त वेळा आलं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पॉलिसी निघते मार्चमध्ये, टॅक्स वाचवायच्या घाईत. एजंट काका सही घेतात, इंग्रजीतली भलीमोठी पीडीएफ बाबांच्या मेलवर येऊन पडते आणि प्रिंट कपाटात जाते. गंमत म्हणजे ज्या ८०डी कलमासाठी ही धावपळ चालते, त्यातच २०१२ च्या अर्थसंकल्पापासून प्रिव्हेंटिव्ह चेकअपच्या खर्चालाही एकूण मर्यादेच्या आत ५,००० रुपयांपर्यंत सवलत मिळत आली आहे, जुन्या करप्रणालीत. म्हणजे टॅक्स वाचवतानाही चेकअप समोरच होतं.

माहीत नसणं हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त चिवट आहे : ‘तपासायला गेलं की काहीतरी निघतंच!’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. पण निघणारी गोष्ट तपासणीमुळे तयार होत नाही, ती आधीपासून आत असते. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे अंदाज प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. यातलं बरंचसं सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. ‘मला काही होत नाहीये’ हा पुरावा म्हणूनच पुरेसा नाही.

तिसरं कारण हळू आवाजात सांगितलं जातं. कंपनीला कळलं तर? पॉलिसी बंद करतील, प्रीमियम वाढवतील? इथे नियम आपल्या बाजूने आहेत. आधी क्लेम केला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही आणि एकट्या तुमच्या क्लेमकडे बोट दाखवून तुमचा प्रीमियम वाढवू शकत नाही. वयाचा टप्पा बदलला किंवा त्या योजनेचेच दर वाढले, तर प्रीमियम वाढतो, पण तो चेकअप न करणाऱ्यांचाही वाढतो. शिवाय ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. पॉलिसी सुरू असताना पहिल्यांदाच समजलेली शुगर त्या व्याख्येत बसत नाही. हां, उद्या कंपनी बदलायची असेल, विम्याची रक्कम वाढवायची असेल किंवा नवी पॉलिसी घ्यायची असेल, तर रिपोर्टमध्ये जे आलं ते खरं खरं सांगावंच लागतं. ते लपवलं, तर नेमका हॉस्पिटलच्या बिलाच्या वेळी क्लेम अडकतो. पण त्या भीतीने रक्तच तपासायचं नाही, हा सौदा आपल्याच तोट्याचा आहे.

माझ्या एका मैत्रिणीची आई सोलापूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. काकूंना विचारलं तर ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणणार, हे ओळखून मैत्रिणीने परस्परच स्लॉट बुक केला. मग अडचण कळली. यादीतली सगळ्यात जवळची लॅब थेट सोलापूर शहरात. मायलेकी सकाळच्या एसटीने उपाशीपोटी निघाल्या, चहाचा थर्मास आणि पोळीभाजीचा डबा पिशवीत. चहाशिवाय काकूंचं डोकं चढलेलं, त्यामुळे वाटेत लेकीला बरंच ऐकावं लागलं. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ६.१ आलं. गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी ही टेस्ट, आणि ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. चालायला सांगितलं, जेवण नीट करायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. हीच गोष्ट पाच वर्षांनी कळली असती तर, एवढाच विचार करून बघा.

यात कंपन्यांनाही प्रश्न विचारायला हवा. प्रीमियमची तारीख जवळ आली की मेसेज, मेल, फोन सगळं येतं. ‘तुमचं चेकअप बाकी आहे’ असा एक मेसेज मराठीत का येत नाही? पॉलिसी तालुक्याच्या गावातही विकता, मग लॅब फक्त शहरात का? लाभ कागदावर द्यायचा आणि तो घेण्यासाठी एक दिवसाची रजा नि एसटीचा खर्च लोकांवर टाकायचा, याला सुविधा म्हणता येत नाही.

चेकअप म्हणजे जादूची कांडी नाही, हेही खरं. यादीतल्या टेस्टने सगळे आजार कळत नाहीत. लॅबवाले ‘थोडे पैसे भरा, अजून पंचवीस टेस्ट’ असं सुचवतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणायची गरज नाही. आणि रिपोर्टमधले लाल आकडे गुगलवर टाकून घरात घबराट करण्यापेक्षा तो नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवावा. विमाच नसेल, तरी तीस वर्षांपुढच्या लोकांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांत मोफत होते. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींनाही हे सांगता येईल.

घरातलं लाइट बिल, गॅस बुकिंग, रेल्वेचं तिकीट आपणच मोबाइलवर करतो. त्यात हे एक काम वाढवू या. पॉलिसीसोबत ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’ नावाचा थोडक्या पानांचा कागद मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो नव्या, सोप्या स्वरूपात देणं बंधनकारक आहे आणि मागितला तर स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याला मराठीतही मिळायला हवा. तो वाचा. चेकअप कुणाकुणाला आहे, किती रकमेपर्यंत आहे, केल्यावर नो क्लेम बोनसवर परिणाम होतो का, हे हेल्पलाइनला विचारून घ्या. कंपनी टोलवाटोलवी करत असेल, तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’कडे १५५२५५ या नंबरवर तक्रार करता येते.

एवढं झालं की येत्या सुट्टीचा स्लॉट बघा. ‘आई, करायचं का चेकअप?’ असं विचारू नका, उत्तर आपल्याला माहीत आहे. ‘रविवारी सकाळी सात वाजता आहे, रात्री नऊनंतर काही खायचं नाही’ असं सांगा. आणि त्या दिवशी तिचा चहा तुम्ही करा.